शब्दकोश बाजूला ठेव, दुभाष्याला बोलव

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फॅन्टसी कादंबरीची प्रकरणं आणि सोबतचा शब्दकोश, दोन्ही वाचलं. शब्दकोशावर तू जीव ओतला आहेस. क्रियापदांचे काळ, अनेकवचनं, नात्यांची नावं, सगळं जागच्या जागी आहे. पण कथेत ही भाषा येते ती शपथा, शिव्या आणि गावांच्या नावांपुरती. डोंगरातले आणि नदीकाठचे ज्या वैरापायी एकमेकांची गावं जाळतात, त्या वैरात तिला काही कामच नाही. माझं सांगणं एवढंच आहे: भांडण भाषेतूनही घडू दे.

इंग्रज फॅन्टसी लेखक टोल्कीनच्या कल्पित भाषांचं सगळ्यांना कौतुक असतं. त्याच्या एल्फ या कल्पित वंशाच्या दोन भाषा घे: क्वेन्या फिनिश भाषेच्या प्रभावातून आली, सिंदारिन वेल्शच्या. दोन्ही एकाच मूळ भाषेतून फुटलेल्या, म्हणून क्वेन्यातला ‘अतान’ सिंदारिनमध्ये ‘अदान’ होतो. हे सुंदरच आहे, आणि तुलाही असे ध्वनिबदल रचायला आवडतात हे दिसतंच. पण मला त्याहून मोठी वाटते ती 1977 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘द सिल्मरिलियन’मधली एक घटना. समुद्रापलीकडून आलेल्या एल्फांनी जहाजांसाठी आपल्याच आप्तांची कत्तल केली होती, हे समुद्राअलीकडच्या एल्फांच्या थिंगोल राजाला कळतं. मारले गेलेले त्याच्या भावाची प्रजा. तो सैन्य पाठवत नाही. मारेकऱ्यांची भाषा, म्हणजे क्वेन्या, आपल्या राज्यात कुणी बोलायची नाही, तिला उत्तरही द्यायचं नाही, असा हुकूम काढतो. त्यातून पुढे आलेल्यांनाच इथल्यांची सिंदारिन रोजच्या व्यवहारात घ्यावी लागते आणि त्यांची स्वतःची उरते ती सरदारांच्या आपसातल्या बोलण्यापुरती आणि विद्येपुरती. कोणती भाषा घराघरांत राहिली आणि कोणती ग्रंथांत गेली, याचं कारण एक हत्याकांड आहे. व्याकरण आणि इतिहास असे एकमेकांत गुंतले की वाचकाला ते जग खरं वाटायला लागतं.

याच्या उलट बाजूचा प्रसंग त्याच्याच 1954 सालच्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’मध्ये आहे. एल्फांच्या वनात गिम्ली हा ड्वार्फ, म्हणजे डोंगर खोदून राहणाऱ्या बुटक्या वंशातला, आलाय. यजमान त्याच्या जातभाईंबद्दल नुकतंच कडवट बोललेत. तेव्हा त्या वनाची स्वामिनी गलाड्रिएल त्याच्या पूर्वजांच्या तीन जागांची नावं घेते, ती त्याच्या प्राचीन भाषेत. ड्वार्फ आपली भाषा परक्यांना सहसा शिकवत नाहीत, हे लक्षात घे. समेटाची बोलणी होत नाहीत, माफीही अजून कुणी मागितलेली नाही. तीन नावं कानी पडतात आणि गिम्ली मान वर करून तिच्याकडे बघतो. पुढच्या साऱ्या मैत्रीचा पाया तिथे पडतो. मला तर हा प्रसंग त्या पुस्तकातल्या कितीतरी लढायांपेक्षा भारी वाटतो.

आता तुझ्याकडे वळू. मराठीत लिहिताना तुझ्या हाती एक हत्यार आहे, ते तू वापरलेलंच नाहीस. तू, तुम्ही, आपण. समज, डोंगरातल्यांच्या भाषेत समोरच्यासाठी एकच सर्वनाम आहे. राजालाही तेच, वासरालाही तेच. नदीकाठच्यांकडे मात्र चार पायऱ्या आहेत. तहाच्या बैठकीत डोंगरातला म्हातारा मनापासून बोलतो आणि दुभाष्या त्याचं बोलणं ‘तू’ने पोचवतो. नदीकाठच्या राणीचा चेहरा बदलतो. दुभाष्याने जपून ‘आपण’ म्हटलं असतं, तर डोंगरातल्यांना तो विकला गेल्यासारखा वाटला असता का? बघ, एका सर्वनामातून अख्खं प्रकरण उभं राहतं.

आणि हा दुभाष्या कोण आहे, याचा विचार कर. कोणी कोणाची भाषा शिकायची हे बहुतेक वेळा ताकद ठरवते. ज्यांच्या हाती घाट आणि कर आहेत, त्यांना शिकायची गरज पडत नाही. शिकतात ते हमाल, दाया, युद्धात पकडलेली मुलं. तुझ्या कादंबरीत असं एकही माणूस नाही. सगळे सरदार एकमेकांशी अडखळल्याशिवाय बोलतात, ते कसं?

डोंगरातले सगळे तापट, नदीकाठचे सगळे धूर्त, हेही मला खटकलं. अख्ख्या वंशाला एकच स्वभाव वाटून दिला की लढाई होते, पण कुणाचं काही पणाला लागत नाही. टोल्कीनलाही ऑर्कांचा, म्हणजे त्याच्या कथांतल्या दुष्ट सैनिकांच्या वंशाचा, प्रश्न शेवटपर्यंत छळत होता. त्यांच्या उत्पत्तीची तो वेगवेगळी स्पष्टीकरणं लिहीत राहिला. तरी त्याने एक बारकावा ठेवला: ऑर्कांच्या टोळ्यांच्या बोली इतक्या भिन्न की आपसात बोलायला त्यांना सामाईक भाषा घ्यावी लागते. तुझ्या डोंगरातही वरच्या आणि खालच्या वाडीची बोली वेगळी असू दे. खालच्या वाडीच्या तोंडी नदीकाठचे शब्द आलेत म्हणून वरचे तिला बाटलेली म्हणोत.

ध्वनींबद्दल थोडंसंच. नावांत मध्येच ऊर्ध्वस्वल्पविराम (’) टाकायचं सोड, त्याने काही परकं वाटत नाही. एका भाषेतून ख, घ, थ, भ हे महाप्राण पूर्ण काढून टाक, दुसरीला ‘ळ’ भरपूर दे. मराठी कान दोन पानांत ओळखायला लागेल की नाव कुठल्या बाजूचं आहे.

आणि शब्द कमी पडतील ही भीती नको. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या घोडेस्वार टोळ्यांच्या डोथ्राकी भाषेचे 1996 सालच्या मूळ कादंबरीत मोजकेच शब्द आणि नावं होती. 2011 च्या मालिकेसाठी डेव्हिड पीटरसन या भाषारचनाकाराने त्यावरून पूर्ण भाषा उभी केली. कादंबरी वाचताना तिची उणीव जाणवत नाही. शब्दकोश तुझ्या टेबलावर राहू दे. तो तुला चुकू देणार नाही, एवढं त्याचं काम.

सध्या पुढची प्रकरणं लिहू नकोस. तहाचं प्रकरण पुन्हा लिही, या खेपेला दुभाष्याच्या नजरेतून, आणि तो कुठे थोडं बदलून सांगतो, कुठे मुद्दाम गप्प राहतो, ते मला दिसू दे. झालं की तेवढंच पाठव. लढाईचं नंतर बघू.