रॅकून (उत्तर अमेरिकेतील एक सस्तन प्राणी) निशाचर आहे, तर दिवसा कॉल (प्राण्यांच्या आवाजाची नक्कल करणारे शिकाऱ्यांचे साधन) वाजवून तो बाहेर येतो का?

होय, येतो, परंतु तो ज्या ढोलीत झोपला आहे तिच्या अगदी जवळ जाऊन कॉल वाजवला तरच. रॅकून दिवसभर बहुधा पोकळ झाडात पडून असतो आणि भुकेपोटी भर उजेडात दूरवर येण्याची त्याला सहसा गरज नसते, म्हणून अमेरिकेतील शिकारी दिवसा जखमी पक्ष्याच्या आवाजापेक्षा दोन रॅकूनच्या भांडणाचा कर्कश कलकलाट पसंत करतात. आपल्या जागेत कोण शिरले हे पाहायला, विशेषतः हिवाळा सरतानाच्या मिलनकाळात, नर ढोलीतून डोके बाहेर काढतो. झाडाची निवड येथे कॉलपेक्षाही महत्त्वाची ठरते: खोडावर नख्यांचे ओरखडे, सालीत अडकलेले केस आणि वापराने गुळगुळीत झालेली ढोलीची कड दिसली, तर ते झाड वापरात आहे असे समजावे. काही मिनिटांत हालचाल झाली नाही, तर पुढच्या झाडाकडे वळावे. मात्र इलेक्ट्रॉनिक कॉलबाबत (ध्वनिमुद्रित आवाज वाजवणाऱ्या साधनाबाबत) अमेरिकेत राज्याराज्यांत नियम वेगळे असल्याने, संबंधित राज्याच्या वन्यजीव विभागाची चालू हंगामाची नियमावली आधी वाचणे आवश्यक आहे.