मुलगा अंत्यविधीच्या कंपनीत जातो म्हणतो...

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बेळगावात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. बंगळूरच्या एका अंत्यविधी सेवा कंपनीत नोकरी मिळतेय. आईनं अन्नपाणी सोडलंय, पैपाहुणे विचारतात, ‘याला मुलगी कोण देणार?’

नमस्कार. तुमच्या मुलानं निवडलेलं काम हलकं नाही, हे आधी घरात ठामपणे सांगा.

या धंद्यातली उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी कंपनी म्हणजे सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल. ह्यूस्टनच्या रॉबर्ट वॉल्ट्रिप यांनी घरच्या व्यवसायातून १९६२ मध्ये ती उभी केली. गावोगावचे जुने व्यावसायिक विकत घेतले, पण दारावरची पाटी बहुतेक ठिकाणी जुनीच ठेवली. दुःखात माणूस ओळखीच्याच दारात जातो, हे त्यांनी ओळखलं होतं. जवळजवळच्या शाखांत गाड्या आणि माणसं सामाईक वापरून खर्च उतरवला. पुढे ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलियापर्यंत पसारा वाढला, कर्जही वाढलं. १९९९ मध्ये शेअर कोसळला आणि त्यानंतर परदेशातला बहुतेक कारभार विकावा लागला. म्हणून कंपनी मोठी आहे एवढ्यावर भुलू नका.

आपल्याकडे अजून गल्लीतली पोरं धावतात. तिरडी बांधणं, मडकं, शेणी, भटजींना निरोप, तिसऱ्या दिवशीची रक्षा, कुणाला काही सांगावं लागत नाही. पण बंगळूरच्या फ्लॅटमध्ये ही गल्ली कुठून आणणार? परदेशातला मुलगा पोहोचेपर्यंत देह शीतपेटीत ठेवायचा, शववाहिका बोलवायची, आणि कागद! डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला, मग २१ दिवसांच्या आत नोंद. नावातलं एक अक्षर आधारशी जुळलं नाही की विमा, बँक, वारसा सगळं अडतं. इथे तुमच्या मुलाचं पारडं जड आहे. मराठी घरात वाढलेला आणि कन्नड दाखला वाचून चूक तिथल्या तिथे पकडणारा मुलगा अशा कंपनीला हवाच असतो. लिंगायत घरात बसवून दफन करतात, हेही त्याला कुणी शिकवावं लागणार नाही.

मात्र नोकरी नेमकी कसली, ते लेखी घ्या. समन्वयकाची असेल तर खुशाल पाठवा. माणूस जिवंत असतानाच त्याच्या अंत्यविधीचे पैसे आगाऊ भरून घेणाऱ्या योजना विकायचं टार्गेट असेल, तर लोकांचा पैसा कुठे ठेवतात, कंपनी बंद पडली तर काय, हे विचारा. समाधानकारक उत्तर नसेल तर नको. ज्यांच्याकडून तो पैसे घेईल, ते उद्या त्यालाच जाब विचारतील. रात्रपाळी, हातमोजे, लसीकरण, आरोग्य विमा हेही विचारायला लाजू नका.

परीक्षा झाली की रुजू होण्याआधी पंधरा दिवस त्याला बेळगावातल्या एखाद्या शववाहिका चालकाबरोबर फिरू द्या. पेलवतं की नाही, त्याचं त्यालाच कळेल.

सोयरिकीचं म्हणाल तर काम लपवू नका. पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा, पगारासकट. आणि त्याच्या आईला आज जेवायला बसवा.