दाखल्याच्या अर्जावर सही करू नका

ताई, आपण रावेर तालुक्यातून लिहिले आहे की मुलगा अनुदानित शाळेत सहावीत शिकतो, ऐकलेली गोष्ट तोंडपाठ सांगतो, पण वाचायला बसला की जोडाक्षरापाशी अडतो, 'मदत'चे 'दमत' वाचतो, आणि वहीवर लाल शाईत 'लक्ष नाही' असा शेरा येतो. आता मुख्याध्यापकांनी 'अशा मुलांची आमच्याकडे सोय नाही' असे सांगून शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज आपल्यापुढे ठेवला आहे.

त्यावर सही करू नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मागे ठेवण्याची मुभा आली, काढून टाकण्याची नव्हे. आपली सही झाली, की तेच काढणे कागदोपत्री 'पालकांच्या विनंतीवरून' ठरते.

वाचनाची ही अडचण म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी) असू शकते, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये तिचा स्पष्ट समावेश आहे. त्यातील कलम 16 ती लवकर ओळखून योग्य अध्यापन करण्याची जबाबदारी शाळेवर टाकते, म्हणून 'आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू' हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या सवलती कलम 17 मध्ये आहेत. तरीही जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीची चौकशी आताच करा, कारण दहावीला नाशिक विभागीय मंडळाकडे सवलत मागताना प्रमाणपत्र लागेल. त्यावर दिव्यांगत्वाची टक्केवारी 40 पेक्षा कमी आली म्हणून खचू नका; लेखनिक नाकारला गेलेल्या विकास कुमार या परीक्षार्थीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये लेखनिकाचा हक्क त्या मर्यादेपुरता नसल्याचे म्हटले आहे.

मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज दोन प्रतींत लिहा: मुलाची तपासणी व्हावी, तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांचे मार्गदर्शन मिळावे, आणि दाखला आम्ही मागितलेला नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोहोच घ्या. नाकारली, तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि त्यासाठी वकील लावण्याची गरज नाही.

लाल शेऱ्यांची ती वही मात्र रद्दीत घालू नका. मुलाची अडचण शाळेच्या नजरेला कधीपासून येत होती, हे त्या तारखाच दाखवतील.