आधी बॅकग्राउंड घे

काय व पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला, म्हणजे नाईट शिफ्ट असणार. लिहितेस, दिल्लीला येऊन सहा महिने झाले सर, फिजिक्स केलंच नाही, डिटेक्टरमध्ये नुसता नायट्रोजन भरतेय, घरचे म्हणतात बीएड करून टाक. आधी हसू आलं, मग जरा रागच आला. अगं तो द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशाला असतो आणि गॅमा किरण पकडणारं डिटेक्टरमधलं जर्मेनियम तेवढं गार राहिलं नाही तर स्पेक्ट्रममधले सगळे पीक, म्हणजे शिखरं, गोंगाटात बुडून जातील, मग फिजिक्स कशाचं करशील?

बरं, ते जाऊ दे. खरा प्रश्न तू शेवटच्या ओळीत सरकवलास. १४६० केईव्ही ऊर्जेच्या आसपास बारीक पीक दिसतंय, नवीन असेल का, गाईडना दाखवू का. बॅकग्राउंड घेतलंस, म्हणजे बीम आणि टार्गेट नसताना डिटेक्टरला काय दिसतं ते? मेसेज तीनदा वाचला, कुठेच उल्लेख नाही.

१४६१ केईव्ही म्हणजे पोटॅशियम-४०, निसर्गातलंच किरणोत्सारी पोटॅशियम. भिंतीत आहे, तुझ्या माझ्या अंगात आहे. तुझे बाबा केळीला पोटॅशच्या गोण्या टाकतात ना, त्यातल्या एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला साधारण ३१ अणूंचा क्षय होतो, त्यातले तीनेकच हा गॅमा किरण सोडतात पण तेवढे पुरतात. प्रॅक्टिकलला कृषी केंद्रातून किलोभर पोटॅश आणून सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरसमोर ठेवतो मी दरवर्षी. तुझ्या बॅचला ती पिशवी तूच धरून उभी होतीस! आणि दिल्लीला गेल्यावर विसरलीस? आधी बॅकग्राउंड घे, मग तोंड उघड.

माझं सांगतो, फारसं कोणाला बोललेलो नाही. दीड वर्ष थांबून सात दिवसांचा बीमटाइम, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर प्रयोगाची वेळ, मिळाली होती. शेवटच्या रात्री बीम बंद झाल्यावर आठ तास बॅकग्राउंड रन लावायचा होता आणि माझ्या खिशात भुसावळचं कन्फर्म तिकीट. दिवाळीची गर्दी, ते तिकीट सोडायचं कोणी? अर्धा तास रन घेतला, पुरे म्हटलं आणि निघालो. पुढे अ‍ॅनालिसिस करताना याच १४६१ च्या पीकच्या खांद्यावर एक रेषा, म्हणजे आणखी एक बारीक पीक, उरली. ती माझ्या न्यूक्लियसची की भिंतीची, हे ठरवायला अर्ध्या तासाचे काउंट काय कामाचे? परत बीमटाइम मिळाला नाही, पेपर अडला तो अडलाच. लोक म्हणतात सर गावाच्या ओढीने परत आले. आई एकटी होती हे खरं, जळगावला जागा निघाली हेही खरं, आणि इथे शिकवत बसलो म्हणून तर तुझ्यासारख्या पोरी तिकडे पोचल्या, ते कोणी धरत नाही. असो. पण ते आठ तास अजून डोक्यातून जात नाहीत.

पेलेट्रॉन, ते आयनांना वेग देणारं तिथलं मशीन, बघून भारावून जाणं मला समजतं. निगेटिव्ह आयन वरून सोडायचा, मधल्या टर्मिनलच्या लाखो व्होल्टने तो ओढून घ्यायचा, कार्बनच्या फॉइलमध्ये त्याचे इलेक्ट्रॉन सोलायचे आणि पॉझिटिव्ह करून त्याच व्होल्टेजने खाली ढकलायचा, म्हणजे एकाच व्होल्टेजची दोनदा वसुली, मला आजही भारी वाटतं. पण मशीनवर बाकीचे लोक आहेत, तुझ्या डिटेक्टरचं बॅकग्राउंड तुझ्याशिवाय कोण घेणार. आणि बीम चालू असतानाचा कचरा वेगळाच, ५९६ आणि ६९१ ला एका बाजूने लांब उतरते पीक दिसले तर ते जर्मेनियमवर न्यूट्रॉन आदळून आलेत, उगाच हुरळू नकोस.

घरचं मी बघतो, रविवारी तुझ्या बाबांना भेटतोय. केळीचा भाव पडला की सगळ्यांना बीएड आठवतं. तू एवढंच कर, बीम बंद झाला की टार्गेट काढ, डिटेक्टर जागेवरून हलवू नको, रात्रभर रन लाव. २६१४ ला थोरियमवाली रेषा येईल, तिच्यावर कॅलिब्रेशन ताडून बघ. फाइलला टेस्ट२ असलं नाव देऊ नको, तारीख घाल. सकाळी दोन्ही स्पेक्ट्रम एकावर एक टाकून मला पाठव, गाईडकडे त्यानंतर जा.