यूपीएसची बॅटरी मीटरवर १२.८ व्होल्ट दाखवते, तरी लाइट गेली की कॉम्प्युटर लगेच बंद पडतो. आतलं सर्किट बोर्ड गेलं असेल का?

तुम्ही लिहिलंय की यूपीएस ६०० व्हीएचा आहे, तीन वर्षं झाली, लाइट गेली की एक लांब बीप वाजते आणि कॉम्प्युटर त्याच क्षणी बंद. बॅटरी काढून मल्टिमीटर लावला तर १२.८ व्होल्ट. म्हणून बॅटरी चांगली, बोर्ड गेलंय, नवा यूपीएस घ्यायच्या विचारात आहात. कृपया अजून घेऊ नका. नेमक्या याच आकड्यावर विसंबून मी एक धडधाकट यूपीएस भंगारात दिला होता, आणि दोष फक्त बॅटरीचा होता हे नंतर कळलं.

तुम्ही मोजलेला १२.८ हा आकडा बॅटरीतून काहीच करंट जात नसतानाचा आहे. त्यावरून तुमचा चार्जर काम करतोय एवढं बहुधा कळतं, आणि ती चांगली बातमी आहे, कारण चार्जर बोर्डावरच असतो. बॅटरीत किती दम उरलाय हे मात्र त्यातून कळत नाही. टाकी भरलेली आहे पण क्षार साचून नळ चोंदलाय, असं समजा. नळ बंद असताना दाब पुरेपूर दिसतो, उघडला की धार येत नाही. बॅटरीत वर्षानुवर्षं प्लेटांवर सल्फेट साचतं, आतलं पाणी हळूहळू आटतं आणि अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, वाढत जातो.

हिशेब करून बघा. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १५० वॉट घेत असतील तर यूपीएसमधली गळती धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण १५ अँपिअर ओढले जातात. नव्या ७ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) बॅटरीचा रोध ०.०२५ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे त्या रोधापायी अर्धा व्होल्टसुद्धा पडत नाही. तोच रोध ०.२ ओहम झाला की ३ व्होल्ट तिथेच गेले. १२.८ मधून ३ गेले, उरले ९.८. बॅटरी साडेदहाच्या आसपास आली की बहुतेक यूपीएस तिला संपलेली समजून बंद होतात. तुमच्याकडे होतंय ते या हिशेबात चपखल बसतं.

आता खरी चाचणी. यूपीएस रात्रभर चार्ज होऊ द्या, मग बंद करा, प्लग काढा आणि बॅटरी बाहेर घ्या. कवच फुगलेलं, तडकलेलं किंवा ओलसर दिसलं तर चाचणीची गरजच नाही, ती बॅटरी बाद. तसं नसेल तर दोनतीन तास नुसती ठेवा, कारण चार्जिंगनंतर लगेच व्होल्टेज फसवं जास्त दिसतं. नंतर मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॉटचा बल्ब तिला जोडा आणि बल्ब पेटलेला असतानाच मीटर बघा. चांगली बॅटरी १२ च्या आसपास टिकते आणि पहिली पाच मिनिटं अगदी सावकाश उतरते. मेलेली काही सेकंदांत ९-८ वर येते आणि बल्ब मंदावतो. बल्ब काढला की तीच बॅटरी थोड्या वेळात पुन्हा साडेबाराच्या पुढे चढते. भलेभले इथेच फसतात. बल्ब फार तापतो, काचेला हात लावू नका. बोटातली अंगठी, हातातलं कडं आधी काढून ठेवा: एवढीशी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर देते आणि धातू लालबुंद होतो. आणि यूपीएस चालू असताना झाकण उघडून आत मीटर लावायला जाऊ नका. काही यूपीएसमध्ये बॅटरीच्या तारांनाही मेन्सचा, म्हणजे घरच्या लाइनच्या विजेचा, धोका असतो.

बॅटरी चाचणीत पास झाली, तरच पुढे. ती परत बसवा, कॉम्प्युटरऐवजी ६० वॉटचा साधा, तारेचा पिवळा बल्ब यूपीएसला जोडा आणि भिंतीवरचा स्विच बंद करा. प्लग ओढू नका, त्याने अर्थिंगही सुटतं. बल्ब पेटता राहिला पण कॉम्प्युटर टिकत नाही, तर लोड जास्त होतोय. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. घरगुती यूपीएसवर वॉटचा आकडा बहुधा ३६० किंवा त्याहून कमी लिहिलेला असतो. लेझर प्रिंटर त्यावर असेल तर आजच काढा, त्याचा हीटर क्षणात प्रचंड करंट ओढतो. लोडही कमी असेल तर पीएफसीवाल्या (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या) एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला, स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर मानवत नाही, असंही होतं. बल्बही विझला तर आधी सॉकेट तपासा. काही यूपीएसमधले एकदोन सॉकेट फक्त सर्जपासून, म्हणजे अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून, वाचवतात, त्यांना बॅटरी जोडलेलीच नसते. सॉकेटही बरोबर असेल तर मग फ्यूज किंवा बोर्ड.

पण तीन वर्षं हे वय बघता मी बॅटरीवरच बोट ठेवीन. या बॅटऱ्या २५ अंशांच्या आसपास तीन ते पाच वर्षं टिकतात आणि दर ८-१० अंश उष्णतेमागे आयुष्य जवळपास निम्मं होतं. तुमचा यूपीएस टेबलाखाली कोपऱ्यात भिंतीला चिकटून असेल तर पुढे सरकवा.

नवी घेताना व्होल्ट आणि एएच जुन्याइतकेच घ्या. पिनची रुंदीही बघा: ४.८ आणि ६.३ मिलिमीटर अशा दोन येतात, आणि सैल बसलेला लग (तारेच्या टोकाची क्लिप) तापतो. उत्पादनाची तारीख वाचा, वर्षभर न वापरता पडून राहिलेली नवी बॅटरीही अर्धी जुनीच. लाल तार लालला, काळी काळ्याला; उलटं झालं तर निदान फ्यूज उडतोच. मोठी, मोटारीची बॅटरी लावायचा मोह होईल, तो टाळा. छोट्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर काही मिनिटं चालण्यासाठी बनवलेला असतो, तासभर चालवला तर जळू शकतो. शिवाय त्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, तिच्यात शिसं आहे. नवी देणाऱ्याकडेच जमा करा.

हेडलाइटचा बल्ब पेटलेला असताना आकडा किती आला ते इथे लिहा. पाच मिनिटांनंतरही साडेअकराच्या वर असेल तर बॅटरीवरचा संशय मी मागे घेईन आणि आपण फ्यूजपासून सुरुवात करू.