चारशेचं पाकीट आणि पेन्सिलनं लिहिलेलं कार्ड

"मॅडम, हा जुगारच झाला ना हो?"

मी समुपदेशक. गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न इतक्या आयांनी विचारलाय, की पिशवीतून कार्डांचा डबा बाहेर येतानाच मला पुढचं वाक्य कळतं. पोकेमॉनची कार्डं. मुलगा खाऊचे पैसे त्यात घालतो, अभ्यास सोडून तीच मांडत बसतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मुलाचं नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

निहार आठवीतला. आईनं टेबलावर चकल्यांचा स्टीलचा डबा ठेवला, आत तीनएकशे कार्डं. "चारशेला एक बंद पाकीट, त्यात दहा कार्डं, कोणती ते फोडल्यावरच कळतं. फोडलं की पाच मिनिटांत तोंड पाडून बसतो. आजीची ओवाळणीसुद्धा यातच गेली. आणि परवा माझ्या पर्समधले पाचशे."

निहार गप्प. आता उपदेश येणार, हे त्यानं गृहीतच धरलं होतं. मी म्हटलं, "मला शिकवतोस?"

सुरुवात सोपी होती. गठ्ठा बरोबर 60 कार्डांचा. एका नावाची जास्तीत जास्त 4, फक्त बेसिक एनर्जी, म्हणजे पोकेमॉनला हल्ल्याची ताकद देणारी साधी कार्डं, हवी तितकी. त्यातली हातात 7, बाजूला उलटी ठेवलेली 6 प्राइज कार्डं. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपलं प्राइज उचलायचं, सगळी उचलली की जिंकलो. मग गाडी अडली, कारण प्रत्येक कार्डावर बारीक इंग्रजीत त्याचा स्वतःचा नियम असतो आणि तो मूळ नियमाला बगल देऊ शकतो. मी चष्मा पुसला.

"मॅडम, इथे 'यू मे' लिहिलंय. म्हणजे तुमची मर्जी. ते नसेल तर करावंच लागतं."

ज्याची "इंग्रजी वाचतच नाही" अशी तक्रार होती, तो हे सांगत होता. आईकडे पाहायचा मोह मी आवरला. शिवाय मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली. 'करावंच लागतं' ऐकलं की माझे कान टवकारतात. माणूस अडतो तो बहुतेक वेळा त्या 'च'पाशी.

तिसऱ्या भेटीत निहारचा 'च' सापडला. रविवारी निहार मोठ्या मुलांशी खेळायचा आणि हरायचा.

"त्या दादाकडे एक कार्ड आहे. मला ते पाहिजेच."

"नाही मिळालं तर?"

"तर मी हरणारच."

"आणि हरलास तर?"

बराच वेळ तो स्लीव्हची, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटाची, कड नखानं सोलत बसला. मीही काही बोलले नाही. ही शांतता भरून काढायची नसते, एवढं वीस वर्षांत मला नक्की जमलंय.

"मग सगळ्यांना कळेल, मी ढ आहे."

ते कार्ड सुटं घ्यायचं तर साडेतीन हजार. पाकिटातून निघेल या आशेवर त्याचे त्याहून जास्त गेले होते. मी त्याला कागदाचा चौकोन आणि पेन्सिल दिली. "लिही त्यावर ते कार्ड. साध्या कार्डावर ठेवून स्लीव्हमध्ये घाल. दादाला विचार चालेल का, पाच डाव खेळ आणि काय झालं ते लिहून आण." अधिकृत स्पर्धेत असं चालत नाही, मित्रांत चालतं.

पुढच्या आठवड्यात वहीचं पान घेऊन आला.

"चार हरलो."

"आणि कार्ड?"

"एकदा प्राइजमध्ये अडकलं. दोनदा आलंच नाही. दोनदा आलं, पण मी एनर्जी भलत्याच पोकेमॉनला लावून बसलो होतो."

"जिंकलास त्या डावात?"

तो पानाकडे बघत राहिला, मग हसला. "तेव्हा आलंच नव्हतं."

60 पैकी 6 प्राइजमध्ये, म्हणजे एकुलतं एक कार्ड दहातल्या एका डावात सुरुवातीलाच अडकणार, हा हिशेब नंतर त्यानंच करून दाखवला. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच जुळत होतं. खेळ अवघड, शिकायला वेळ लागतो, तोवर हरत राहावं लागतं. पाकीट फोडलं की ती हार एक आठवडा लांबणीवर पडत होती.

आता आयांच्या प्रश्नाकडे येते. जुगाराचा अंश आहे, पण तो पाकिटात. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबूतर टोचत राहतं, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी दाखवलं. बंद पाकिटाचं तेच. खेळ ही वेगळी गोष्ट, त्यात डोकं लागतं. म्हणून दोन्हींचे पैसे वेगळे करा. खेळायचं असेल तर तयार 60 कार्डांचा डेक, म्हणजे गठ्ठा, घ्या, अडेल तेवढं एखादं सुटं कार्ड घ्या. पाकीट वाढदिवसाला, गंमत म्हणून. 'टीसीजी लाइव्ह' हे याच खेळाचं अ‍ॅप फुकट आहे. डेक आधी तिथे हरून बघू दे. 'पॉकेट' नावाचं दुसरं अ‍ॅप पाकिटं फोडण्याभोवतीच फिरतं, ते मी टाळायला सांगते. आणि स्पर्धेत उतरणार असेल तर कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं अक्षर बघा. जुनी अक्षरं ठरावीक काळानं 'स्टँडर्ड' या स्पर्धेच्या प्रकारातून बाद होतात, तेव्हा महागडं कार्डही डब्यातच राहतं. स्टेशनरीच्या दुकानातली सोनेरी कार्डं नकली. खेळायला हरकत नाही, फसवणूक झाली असं मुलाला वाटू देऊ नका.

पर्समधले पाचशे हा मुद्दा वेगळाच. ते दर आठवड्याला पन्नासप्रमाणे परत आले, त्यावर मी घासाघीस होऊ दिली नाही. बाबांना हे सगळं "फालतू कागद" वाटत होतं. लहानपणी बबलगमच्या कागदांवरचे रन कोण जमवत होतं, असं विचारल्यावर ते जरा मवाळ झाले.

निहार अजून अधूनमधून येतो, डेक घेऊन. परवा मी एक 'यू मे' न वाचताच हातातली दोन कार्डं टाकून दिली. "मॅडम, मर्जी होती तुमची," तो म्हणाला, आणि शेवटचं प्राइज उचललं.