धपाट्यात कांदा नको, सॅकमध्ये जीन्स नको

आषाढ तोंडावर आला की माझ्याकडे एकाच वाटेचे प्रश्न येऊ लागतात: पन्हाळा ते पावनखिंड. १२-१३ जुलै १६६० ची आठवण म्हणून पोरं भर पावसात ही वाट चालतात, आणि सामानाची आठवण त्यांना आदल्या रात्री होते. यंदाचे प्रश्न वेळेत आलेत, म्हणून उत्तरंही वेळेत.

पहिलीच मोहीम आहे. मित्र म्हणतो ७० लिटरची सॅक घे, सगळं बसतं. घेऊ का? (राजारामपुरी)

सगळं बसतं हाच तिचा दोष. जागा दिसली की आई तिसरा टॉवेल कोंबते आणि आपण जीन्स. दोन दिवसांना ४० ते ५० लिटर पुष्कळ झालं. भरलेली सॅक पाण्यासकट तुझ्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जड नको. ६० किलोचा असशील तर १२ किलो ही हद्द, आणि पहिल्याच वेळी जात असशील तर ९-१० वर थांब. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसता उभा राहा, मग सॅक घेऊन. जीन्स काय करते ते अंगावर भिजवून बघ: जड होते, मांड्या सोलते आणि दोन दिवस वाळत नाही.

जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या मधल्या उंचीवर ठेव. झोपायचं तळाला, रेनकोट, टॉर्च आणि खाऊ वर. जेवणाचा डबा बाहेरच्या कप्प्यात टाकलास तर सॅक मागे ओढत राहते, आणि मसाई पठाराच्या चिखलात तोल जायला तेवढं पुरतं. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्याचे नंतर. ओझं कमरेने पेलायचं असतं. काही मोहिमांत मुक्कामाचं सामान टेंपोने पुढे जातं, ते आयोजकांना विचारून घे.

मुलगा दोन दिवस जातोय. बरोबर काय देऊ? गेल्या वेळी दुसऱ्या दिवशीचे पराठे आंबले. (एक आई, इचलकरंजी)

ताई, पराठ्यात उकडलेला बटाटा होता ना? दमट हवेत तो सगळ्यात आधी दगा देतो. ओलं खोबरं आणि चिरलेला कांदा त्याच्या पाठोपाठ. धपाटे करा, पण कांदा न घालता: ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, लसूण, तीळ, ओवा, आणि तव्यावर तेल सढळ. किंवा गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या दशम्या. भाकरी पहिल्या दुपारपुरतीच द्या, रात्रीपर्यंत तिचं खापर होतं.

पदार्थापेक्षा चूक बांधण्यात जास्त होते. पहाटे घाईत तव्यावरचा धपाटा तसाच फॉइलमध्ये जातो, वाफेचं पाणी आतच सुटतं आणि दुपारी तार येते. आदल्या रात्री करा, सुती फडक्यावर एकेक सुटा पसरा, हाताला पूर्ण गार लागला की मगच बांधा. दोन दिवसांच्या दोन वेगळ्या पुड्या करा, म्हणजे दुसरीला पहिल्या दिवशीचे ओले हात लागत नाहीत.

जोडीला कांदा-लसूण चटणी नको, शेंगदाण्याची कोरडी चटणी द्या. चढावर तिखटाने नुसती तहान वाढते. (हे कोल्हापुरात लिहायला धाडस लागतं, कल्पना आहे.) भडंग हलकं खरं, पण जागा फार खातं आणि पाकीट फुटलं की पाच मिनिटांत मऊ पडतं. त्यापेक्षा दाणे-गुळाचे लाडू, दिवसाला चार. मुठीएवढ्या जागेत एवढी ताकद दुसऱ्या कशात मिळत नाही, आणि गूळ आपल्याकडचा असताना महागड्या एनर्जी बारची गरज काय?

रेनकव्हर घालूनही सगळं भिजलं. कव्हर खराब होतं का? (गडहिंग्लज)

कव्हर ठीक असणार. ते पाठीकडून उघडंच असतं. मानेवरून उतरलेलं पाणी पाठ आणि सॅकच्या मधून आत मुरतं, आणि कव्हरच्या तळाशी तळं साचतं. माझ्या पहिल्या मोहिमेत मीही कव्हरच्या भरवशावर होतो. रात्री एका शाळेच्या व्हरांड्यात चादर पिळली तर तांब्याभर पाणी निघालं, आणि उकिडवा बसून मी उजाडायची वाट बघितली.

तेव्हापासून सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी असते. सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून दुमडून रबर. त्या पिशवीत आणखी एक छोटी पिशवी: एक बनियन, एक पँट, एक मोजेजोड. हे कपडे फक्त झोपताना घालायचे. सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओलेच कपडे पुन्हा चढवायचे. कोरडे घालून निघालात तर अर्ध्या तासात दोन्ही जोड ओले होतात.

नवे बूट घेतलेत, चालतील? (कागल)

निदान पंधरा दिवस रोज रंकाळ्याला फेऱ्या मारून मगच. टाच घासायला लागली की फोड यायच्या आधी चिकटपट्टी लावा.

आजोबांचं घोंगडं नेऊ की स्लीपिंग बॅग? (पट्टणकोडोली)

तुमच्या गावाला घोंगड्याबद्दल मी काय सांगावं! ऊब त्याचीच. पण भिजलं की ते उचलायला दुसरा माणूस लागतो. सामान टेंपोत असेल तर खुशाल न्या, पाठीवर असेल तर बॅग.

आम्ही चौघे पावसाळ्यानंतर रांगणा किल्ल्यावर मुक्कामी जातोय. शिधा किती आणि गॅस एसटीने नेता येईल का? (शाहूपुरी)

एसटीत ज्वलनशील पदार्थ न्यायला मनाई आहे, त्यात गॅसचं छोटं कार्ट्रिजही (स्टोव्हला लावायचा डबा) आलं. पाटगावकडे स्वतःच्या गाडीने जात असाल तरच स्टोव्ह धरा. 'वर लाकडं मिळतील' हा हिशोब नको, ते जंगल आहे.

खिचडीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम मूगडाळ धरा. चालून आलेली माणसं आहेत, म्हणून वर एक मूठ जास्त. एका वेळचं तांदूळ, डाळ, मीठ, हळद, तिखट घरीच एका पिशवीत एकत्र करा, म्हणजे अंधारात टॉर्च तोंडात धरून पुड्या सोडायला नकोत. पाणी उकळायला ठेवायच्या आधी अर्धा तास भिजत घाला, गॅस वाचतो. तेल घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत, आणि ती बाटली तिसऱ्या कुणाच्या तरी सॅकमध्ये. रिकाम्या पिशव्या त्याच सॅकमधून खाली आणा.